अकरा सेकंदांनंतरचं उत्तर

गुरुवार, ४ सप्टेंबर

प्रिय ताईस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तुझा गुडघा कसा आहे? दाजींना सांग, त्यांच्या चष्म्याच्या काचा तयार आहेत. फ्रेम मात्र तीच हवी असा हट्ट करू नका म्हणावं, ती बनवणारेसुद्धा आता तिला विसरले असतील.

इकडे सगळं ठीक. चिमणीची चाचणी परीक्षा चालू आहे. तुझी भावजय म्हणते, मी जेवत नाही. तसं काही नाही.

तो व्हिडिओ तुझ्यापर्यंत आला असेलच. पाळकसाहेबांनी भरीला घातलं, म्हणून मी आणि घड्याळजी चर्चच्या सभागृहात समोरासमोर बसलो. तू त्याला पाहिलंयस. माझ्याच गाळ्यात, लाकडी फळीच्या पलीकडे, डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत बसतो. एकोणीस वर्षं आम्ही कामं करता करता धर्मावर भांडतोय. चहा आला की भांडण बंद, चहा संपला की पुन्हा सुरू. पण त्या दिवशी समोर दोनशे माणसं होती आणि कॅमेरा होता. आम्ही एकमेकांना जन्मात पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलं.

त्याने नेहमीचंच काढलं. “तुमच्या बायबलमधल्या नियमशास्त्रात डुक्कर वर्ज्य, सुंता सक्तीची. दोन्ही सोडलंत. मग बाकीचं कशाच्या जोरावर धरून बसलात? आम्ही निदान पाळतो तरी.”

मी म्हणालो, खाण्यापिण्याचे आणि मंदिराचे नियम ही येणाऱ्या गोष्टीची सावली होती. ख्रिस्त आला आणि त्यांचं काम झालं. पण नीतीचे नियम गेले नाहीत. दहा आज्ञा शाबूत आहेत.

“दहाच्या दहा?”

“दहाच्या दहा.”

“मग सातव्या दिवशी, शनिवारी, दुकान उघडं कसं असतं हो तुमचं?”

सगळे हसले, मीसुद्धा. प्रभू उठला तो रविवार आम्ही पाळतो, वगैरे मी सांगितलं. मग मी माझा प्रश्न टाकला. “नमाज, रोजे, दानधर्म, सगळं चोख केलंत. तरी न्यायाच्या दिवशी सुटाल याची खात्री आहे तुम्हाला?”

तो गप्प बसला. अकरा सेकंद. व्हिडिओ तिथेच संपतो. त्याला ‘निरुत्तर’ असं नाव दिलंय. लोकांनी तो इतका पाहिलाय की सांगायची सोय नाही.

तेव्हापासून समोरच्या पंक्चरवाल्याजवळ दोन माणसं उभी असतात. काही घेत नाहीत, काही बोलत नाहीत, दुकानाकडे बघत राहतात. काल मी मागच्या बोळातून घरी आलो. पावलं वाजली की मागे वळून बघतो. ती त्याच्या लोकांपैकी असणार, दुसरं कोण?

आमच्यासाठी प्रार्थना कर.

तुझा धाकटा


मंगळवार, १६ सप्टेंबर

प्रिय ताई,

सलाम. तुझं पत्र मिळालं. फोन का उचलत नाहीस, असं विचारलंयस. दुकानात गडबड असते.

वाईट बातमी आहे. शुक्रवारी दुपारी चौघे दुकानात घुसले आणि त्यांनी घड्याळजीला मारलं. काउंटरची काच फुटली, तिचा तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. ताई, भिंग लावायचा डोळा तो. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत, पण बुबुळाला किती खोल गेलं तर काय होतं, ते मला कुणी सांगायला नको.

मी तेव्हा दुकानात नव्हतो. काचा घासून घ्यायला कारखान्यात गेलो होतो.

कोण होते ते कळलेलं नाही. काहीजण म्हणतात त्याच्याच वस्तीतले, आम्हाला मान खाली घालायला लावलीस म्हणून चिडलेले. पंक्चरवाल्यापाशी उभी असायची ती दोन माणसं घड्याळजीचेच मेहुणे निघाले. व्हिडिओवरून त्याला दम भरणारे फोन येत होते, म्हणून त्याच्या बायकोने पहाऱ्याला ठेवले होते. त्या दिवशी दोघे जेवायला गेले आणि तेवढ्यात हे झालं. त्यांनीच त्याला उचलून रिक्षात घातलं. एकाने मला विचारलं, “तुम्हाला नाही ना लागलं?” मी फुटलेल्या काचा गोळा करायला लागलो.

पाळकसाहेब म्हणाले, आपण प्रार्थना करू. केली. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. माझ्या मागच्या बाकावरूनही जोरात ‘आमेन’ आलं. उठून बाहेर गेलो आणि भिंतीपाशी ओकलो. तुझी भावजय म्हणते, पित्त झालं असेल.

चिमणीला सध्या मी स्वतः शाळेत सोडतो.

तुझा धाकटा


शुक्रवार, २६ सप्टेंबर

ताई,

फोन उचलत नाही, कारण फोनवर तुझ्याशी खोटं बोलता येत नाही. लहानपणीही यायचं नाही. तू नुसतं “बरं” म्हणायचीस आणि माझं अवसान गळायचं. कागदावर जमलं. दोन पत्रं जमलं.

पहिली गोष्ट. घड्याळजी निरुत्तर झाला नव्हता. अकरा सेकंद विचार करून तो म्हणाला, “नाही, खात्री नाही. म्हणून तर रोज त्याच्या दारात उभा राहतो. आणि तुम्हाला खात्री आहे ना, चष्मेवाले? मग तुम्ही सदा भेदरलेले का असता?”

सभागृहात कुणी हसलं नाही.  मी कृपेवर काहीतरी बोललो, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. घरी येऊन व्हिडिओतलं ते सगळं मी कापलं. पाळकसाहेबांनी नाही, मी. नावही मीच दिलं. त्यांनी विचारलं, “एवढंच कॅमेऱ्यात आलं?” मी म्हणालो, एवढंच.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा तूच मला पाठ करून घेतलीस. दहाच्या दहा शाबूत आहेत, असं मी माइकवर सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट लिहायला कालपासून तीन कागद फाडले.

मी कारखान्यात गेलो नव्हतो. फळीमागे होतो. ते आत आले तेव्हा मी फळीतल्या दाराची कडी लावली आणि काचांच्या खोक्यांमागे खाली बसलो. ते त्याला मारत होते आणि म्हणत होते, “बोल ना आता! निरुत्तर!” माझा शब्द, ताई. त्यांतला एक आवाज माझ्या ओळखीचा होता. दर रविवारी माझ्या मागच्या बाकावर बसून तो सुरात गातो. घड्याळजीच्या वस्तीतला कुणी नव्हता.

बारा दिवस मी हे पोटात ठेवलं. रविवारी मागून ते गाणं ऐकत उभा राहिलो. बुधवारी राहवलं नाही, पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “घड्याळजीने कुणाचं नाव घेतलेलं नाही. तू का घेतोस? पूर्ण चर्चचं नाव जाईल. देवापाशी कबूल कर, तो क्षमा करतो.”

करतो, मला ठाऊक आहे. हेच मी लोकांना वर्षानुवर्षं समजावत आलो, की आपण फेडू शकत नाही ते प्रभूने फेडलं. पण त्याच प्रभूने हेही सांगितलंय, की अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी आपल्या भावाकडे जा. एवढं म्हणून मी उठलो.

काल सकाळी दवाखान्यात गेलो. त्याच्या डोळ्यावर पट्टी आहे. त्या डोळ्याने आता दिसणार नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग त्याने एवढंच विचारलं, “कडी आतून लावली होतीस?”

“हो.”

“मग मी हाक मारली, ती ऐकली असशील.”

“ऐकली.”

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मी तासभर बसलो. शेवटी त्याची बायको म्हणाली, “भाऊ, आता जा तुम्ही.”

तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो आणि जबाब दिला. नावासकट. हवालदाराने कागद धरला आणि मी सही केली. घरी आलो आणि पूर्ण व्हिडिओ टाकला, कुठेही न कापता.

आज दुकानासमोर कुणीतरी उभं आहे. हे मेहुणे नाहीत, आमच्याच चर्चमधली माणसं आहेत. मी ओळखतो त्यांना, त्यांच्या मुलांचे चष्मे मी केलेत. त्यांनी मला सलाम केला नाही.

उद्या सकाळच्या बसने तुझी भावजय आणि चिमणी तुझ्याकडे येतायत. चिमणीला काही सांगू नकोस, मी येऊन सांगेन. मला इथे राहायला हवं. जबाबाची उलटतपासणी होईल, आणि मी गेलो तर ते म्हणतील खोटं होतं म्हणून पळाला. दवाखान्यातही रोज जाणार आहे, त्याने तोंड वळवलं तरी.

ताई, भीती गेलेली नाही. वाढलीय. कबूल केलं की हलकं वाटतं, असं मी कितीतरी जणांना सांगितलंय. मला अजून वाटलेलं नाही.

तू या पत्राला उत्तर देऊ नकोस. फोन कर. उचलेन.

तुझा भाऊ,
जो त्या दुपारी आतच होता