खाटेखालचं पुस्तक

१२ नोव्हेंबर, बुधवार
मोठ्या सरांनी तालुक्याहून आलेलं पत्र माझ्यापुढं सरकवलं. पहिली-दुसरीच्या वर्गासाठी चाळीस चित्रपुस्तकं, शाळेनं आपल्या पसंतीनं घ्यायची. म्हणले, "तुमचा वर्ग आहे, तुम्हीच निवडा म्याडम. मला चित्रातलं काही समजत न्हाई."
दोनच शिक्षक आम्ही. ते मुख्याध्यापक, तिसरी-चौथी त्यांच्याकडं. मी पहिली-दुसरी. पाच वर्षं झाली इथं. या पाच वर्षांत मला काही निवडायला मिळालं असं हे पहिलंच.
तीर्थपुरीच्या खोलीवर येऊन पिहूला फोन. ती टेंभुर्णीला, बापाजवळ नि आजीजवळ. दुसरीत आहे, दुसऱ्या कुण्या मॅडमच्या वर्गात. पहिला प्रश्न, "मम्मी, बदली आली का?" अभ्यासाचं विचारायचं राहूनच गेलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सकाळची शाळा करून जालन्याला गेल्ते. मस्तगडला शेटजींचं पुस्तकांचं दुकान. त्यांनी गठ्ठे काढून दिले, मी खाली सतरंजीवर बसून वाचत राह्यले. तीन तास. एकदा चहा आला, तो गार झाला.
निम्म्या पुस्तकांतल्या घरांना जिना. आई कायम हसती, गोरी. बाप पेपर वाचतो. एकात बर्फाचा माणूस, त्याचं मी माझ्या पोरांना काय सांगू. नीतीच्या गोष्टी सगळ्या बाजूला ठेवल्या. शेवटच्या पानावर कुणीतरी शहाणं होतंच.
निवडलेली: शेळी हरवते ते. विहिरीतलं कासव. कापसाच्या गाडीवर झोपलेली दोन भावंडं. पानावर एकच ओळ आहे अशी बरीच, म्हणजे पहिलीवाल्यांनाही जमतील.
आणि एक पातळसं. संध्याकाळ होते, गाडीचा आवाज येतो, मांजर खाटेखाली जाते. तिच्यामागं मुलगी जाते. मग नुसते मोठ्या माणसाचे पाय, या पानावरून त्या पानावर फिरणारे. शेवटी आईसुद्धा खाटेखाली, आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय. संपलं. कोण वाजवतंय ते सांगितलेलं नाही. मारामारी नाही, रडणं नाही.
शेटजी म्हणले, "म्याडम, ते राहू द्या. सालभर पडून आहे, कोणी नेत न्हाई."
मी दोनदा वाचलं. ठेवलं चाळिसात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
खोकं फोडलं. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधून पुस्तकं लटकवली, पोरांचा हात पोचेल इतकी खाली. नियम एकच, पान ओलं करायचं नाही. कापूस वेचणीमुळं आठ जण गैरहजर. बाकीच्यांनी दुपारची खिचडी गार केली.
कासवावरून दोघांचं भांडण.
प्रांजलनं बराच वेळ हात मागं बांधून सगळ्या सुतळीवर नजर फिरवली. मग खाटेखालचं काढलं.
दुसरीतली पोर. पहिलीत आली तेव्हापासून वर्गात एक शब्द नाही. हजेरीला मान हलवते. अक्षर मोत्यासारखं. तिचे वडील दत्ताभाऊ आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. तीर्थपुरीत बी-बियाणं, खतांचं दुकान. शाळेचे पत्रे, नळ, पाण्याची टाकी, सगळं त्यांनीच पाठपुरावा करून आणलेलं. माणूस सुपारीसुद्धा खात नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
चौथा दिवस, प्रां.कडं तेच पुस्तक. पानं उलटत नाही. एकाच पानावर.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
ती बोलली.
मधल्या सुट्टीत बाकीचे बाहेर. मी तिच्याशेजारी खाली बसले, काही विचारलं नाही. तिनं मुलगी खाटेखाली बसलेली असते त्या चित्रावर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "इथं पेटी पाह्यजे."
मी म्हणलं, कशाला?
"पेटीच्या मागं बसलं की पाय दिसत न्हाईत."
एवढंच. बोट काढून घेतलं.
काय वाटलं ते लिहिता येईना. दीड वर्ष मी या पोरीच्या आवाजाची वाट पाहून राह्यले होते. आवाज जरा घोगरा आहे. पळतच सरांकडं गेले, सर, प्रांजल बोलली. काय बोलली? सांगितलं, शब्दन् शब्द. त्यांनाही आनंद झाला. "बघा, तुमच्या पुस्तकांनी काम केलं."
ती काय म्हणाली याचा अर्थ मला खोलीवर आल्यावर लागला. पोळी तव्यावर होती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
दत्ताभाऊ आल्ते. वर्गाच्या दारात चप्पल काढली. पोरं उभी राहिली, त्यांनी "बसा बसा बाळांनो" केलं. प्रांजल पाटीवर लिहीत राहिली, मान वर नाही.
सुतळीवरून ते पुस्तक त्यांनीच काढलं. उभ्याउभ्या सगळं वाचलं, सावकाश.
"चित्रं चांगली आहेत म्याडम. पण लेकरानं यातून काय घ्यायचं? बापाला भ्यायचं?"
मी म्हणलं, भीती तर सगळ्याच लेकरांना वाटते, ती बोलता यावी म्हणून...
"मंग तुम्ही तुमच्या पोरीला दिलं का हे वाचायला?"
नव्हतं दिलं. ते हसले. आवाज एकदाही चढला नाही. ऑफिसात जाऊन सरांशी दहा मिनिटं बोलले. नंतर सरांनी मला सांगितलं: पुस्तक काढायचं आणि 'अनवधानाने निवडले गेले' असं माझ्या सहीनं लिहून द्यायचं. समितीच्या बैठकीत ठेवणार.
"लिहून टाका म्याडम. एका ओळीचं काम. तक्रार वर गेली तर तुमच्या बदलीची फाइल लटकून राहील, एवढं मला कळतं."
मी विचार करून सांगते म्हणलं.

३० नोव्हेंबर, रविवार
अनिलला फोनवर सगळं सांगितलं. तोही शिक्षक, त्याला फोड करून सांगायला लागत नाही. पती-पत्नी एकत्रीकरणात यंदा आमचा नंबर लागेल असं जिल्ह्याच्या ऑफिसातून कळलंय त्याला.
म्हणाला, "सुनंदा, चाळीसपैकी एक पुस्तक आहे ते. एकोणचाळीस राहतातच की."
बराबर आहे त्याचं. मी भांडले नाही.
मग पिहू आली फोनवर, तिच्या दाताविषयी बोलत राहिली, पुढचा दात हलतो आहे. मला त्या तोंडात बघायचं होतं. फोनवर दाखव म्हणलं तर रेंज गेली.

२ डिसेंबर, मंगळवार
बाजाराचा दिवस. संध्याकाळी दारावर प्रांजलची आई. रेखा. दीड वर्षात आमचं बोलणं म्हणजे पोषण आहाराच्या सह्यांपुरतं. पिशवीत मेथी, कांदे. आत आली, पण बसली नाही.
"म्याडम, ते पुस्तक काढून टाका."
मी म्हणलं, तुम्हाला त्यांनी पाठवलंय का? तर म्हणाली, न्हाई, त्यांना ठाऊक न्हाई मी आले ते.
मग सांगितलं. मागच्या मंगळवारी ते दुकानातून आले ते हसतच. खाट ओढली, खालची लोखंडी पेटी एकट्यानं उचलली नि माळ्यावर नेऊन ठेवली. खाटेखाली झाडून घेतलं स्वतः. पोरीला म्हणले, आता बस, ऐसपैस जागा झाली.
"त्यांना पेटीचं कसं कळलं म्याडम? मलासुद्धा ठाऊक नव्हतं ती तिथं बसते. मला वाटायचं, ती शेजारी जाते."
तिनं हाताला पदर गुंडाळून घेतला होता, मनगटापर्यंत. मी म्हणलं, लेकरांसाठी मदतीचा फोन असतो सरकारचा. मी करते. तुमचं नाव येणार नाही.
"नाव येणार न्हाई, पण घर कोणतं ते तर कळंल. लोक येतील, इचारतील, चहा पिऊन जातील. तुमची बी बदली होऊन राह्यली म्हणतात. मंग मी हाय आन ते हायेत."
जाताना मेथीची जुडी ओट्यावर ठेवून गेली.

३ डिसेंबर, बुधवार
पेटीचं मी एकाच माणसाला सांगितलं होतं. सरांना विचारलं. ते अगदी सरळपणे म्हणले, "हो, त्याच दिवशी दुकानावरून जाता जाता सांगितलं दत्ताभाऊंना. म्हणलं, अभिनंदन, लेक बोलायला लागली. काय बोलली तेही सांगितलं. का बरं?"
का, ते मी सांगितलं.
त्यांनी खडू नि डस्टर उचललं. मग म्हणले, "हे तुमच्या-माझ्यात राहू द्या." आणि तिसरीचा तास घ्यायला गेले. फळा पुसल्याचा आवाज येत राहिला, किती वेळ एकच फळा.
त्यांना दोष काय द्यायचा. पळत गेले ते मीच.

५ डिसेंबर, शुक्रवार
सही केली. 'सदर पुस्तक माझ्याकडून अनवधानाने निवडले गेले असून ते वर्गातून काढून घेण्यात आले आहे.'
पुस्तक ठेवलं तर ती घरी भोगणार. काढलं तर तिला कळणार, की ती बोलली म्हणून काढलं. दोन्हीकडून नुकसान तिचंच. फोन केला तर रेखा बुडते, नाही केला तर मी मास्तरीण कशाची. रात्रंदिवस हेच गोल गोल.
दत्ताभाऊंनी कागद वाचून घडी घातली. म्हणले, "तुमच्याविषयी माझ्या मनात बिलकुल काही न्हाई म्याडम. बदलीला काही अडचण आली तर सांगा, साहेब वळखीचे आहेत."
आणि मी 'थँक्यू' म्हणले. तोंडातून निघून गेलं.

९ डिसेंबर, मंगळवार
प्रां. रोज सुतळीखाली उभी राहते. रिकाम्या जागेकडं बघत नाही, इतरांसारखंच शोधते. आज शेळीचं घेतलं, परत लावलं. कासवाचं घेतलं, परत लावलं.
जवळ बसले तर सरकून बसली.
मदतीच्या फोनवर मी काल फोन केला होता. समोरच्या बाईंनी चांगल्या आवाजात मुलीचं नाव विचारलं. मी ठेवून दिला.

१२ डिसेंबर, शुक्रवार
सर दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जालन्याला. शाळेचा चार्ज माझ्याकडं, कपाटाच्या किल्ल्याही.
दुपारी रेखा आली. हातात काही नाही. इकडंतिकडं बघून विचारलं, "दाखला द्यायला किती दिवस लागतात म्याडम?"
कुणाचा?
"प्रांजलचा. माझा भाऊ परतूरला असतो. तिथं शाळा आहे म्हणतो घराजवळ."
आणि तुम्हीही जाणार? असं विचारलं. तिनं नुसती मान हलवली, होकाराची. पोरगी हजेरीला हलवते तशीच.
मी म्हणलं, दाखला नसला तरी दुसरीत घ्यावंच लागतं त्यांना, तुम्ही आधी जा, कागद मी मागून पाठवते.
"न्हाई. कागद पाह्यजे. न्हाईतर ते म्हणतील पोरगी पळवली. शाळेचा कागद असला म्हणजे मी इचारून नेली."
सर असते तर म्हणले असते, वडिलांचा अर्ज आणा. अध्यक्षांच्या मुलीचा दाखला अध्यक्षांना न विचारता. पण अर्ज पालकाचा लागतो, आणि आई पालकच आहे. मी कागद दिला, तिनं अर्ज लिहिला, माझ्यासमोर. आठवीपर्यंत शिकलेली आहे. अक्षर बघितलं आणि कळलं, प्रांजलचं कुठून आलं ते.
उद्या सकाळची शाळा. नवाला येते म्हणाली. सव्वानऊला फाट्यावरून परतूरची गाडी.

१३ डिसेंबर, शनिवार
सातलाच शाळेत. दाखल्याचं पुस्तक काढलं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यापाशी थांबले. 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहायची पद्धत आहे. मी 'आईच्या विनंतीवरून' लिहिलं. 'मुख्याध्यापकांकरिता' म्हणून सही, शिक्का. शाई जरा पसरली.
हे उघडकीला येईल. सोमवारीच येईल. बदलीचं काय होईल ते अनिलला अजून सांगितलेलं नाही.
प्रांजल शाळेत आली नाही. नऊ वाजले. साडेनऊ. मी पहिलीवाल्यांना विहिरीतलं कासव वाचून दाखवत होते आणि दर ओळीला फाटकाकडं बघत होते. पोरं म्हणाली, मॅडम, ही ओळ झाली.
साडेअकराला शाळा सुटली. रेखा आली नव्हती.
कागद न घेताच गेल्या असतील. गाडीला उशीर होत असेल, थांबायला वेळ नसेल. असंही असू शकतं.
तीर्थपुरीला उतरून खोलीकडं जाताना दुकानावरून जावं लागतं, दुसरा रस्ता नाही. दुकान उघडं होतं. दत्ताभाऊ एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला औषधाची बाटली हातात धरून समजावून सांगून राह्यले होते, किती पाण्यात किती टाकायचं. शांत. मला बघून त्यांनी बाटली खाली ठेवली आणि हात जोडले.
त्यांना ठाऊक आहे की नाही, चेहऱ्यावरून काही कळेना. मीही हात जोडले. दाखला पर्समध्ये होता.