माहेरचं दुखणं

कामरगाव
१२ जानेवारी २०२५

चि. सपनास,
जानरावमामाचा सप्रेम जय भीम व अ. आ. वि. वि.

फोन सोडून पत्र कायले, असं तुले वाटन. घरात तुही लिलामामी सारं ऐकते, म्हणून. जीपवाला बबलू हे तुह्या हातात देईन.

आपल्या गावच्या आरोग्य शिबिरात तू बायकांले विचारलं, नात्यात कोणाले स्तनाचा कॅन्सर होता काय. शेतकऱ्याच्या, तांड्यावरच्या, मोहल्ल्यातल्या, आपल्या, साऱ्याच नाही म्हणाल्या. एवढं एकमत या गावात निवडणुकीतही झालं नाही. पण पोरी, शेजारच्या खुर्चीवर सासू बसून राह्यली होती ना! माहेरचं दुखणं तिच्यासमोर काढलं तर धाकट्या बहिणीची सोयरीक अडते. याच बायका माह्या पिठाच्या चक्कीवर सारं बोलतात. चक्कीच्या घरघरीत मले ऐकू येत नाही असं त्यांले वाटते. वाटू दे.

आता खरी गोष्ट. मामीच्या शेजारी सासू नव्हती, तरी तीही नाही म्हणाली. तिची माय छातीच्या गाठीनं गेली, मोठी बहीणही तशीच. कारंज्याच्या धम्मरत्नसोबत आपल्या पोरीचं, पौर्णिमाचं जुळून राह्यलं, म्हणून हिचं तोंड बंद. तपासून घे म्हटलं तर म्हणते, लग्न होऊ द्या, मंग पाहू. मले भेव वाटते. काय करू ते लिही.

माया आहेच, ती आटू देऊ नको.
तुहा मामा,
जानराव

वाशीम
१६ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सपनाचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग स्वतःवरच चिडले. आता सासवांना बीपी मोजायला पलीकडच्या खोलीत धाडते आणि सुनांना एकटीला विचारते: आई, बहीण, मावशी, आत्यासुद्धा. ‘नाही’चे कितीतरी ‘हो’ झाले. कोणाचे, ते तुमच्या चक्कीपर्यंत येणार नाही!

मामीचं मात्र लांबवू नका. जोखीम जास्त म्हणजे आजार झालाच असं नाही. पण आई आणि बहीण दोघी गेल्यात, तपासणी आत्ताच हवी. आणि हे पौर्णिमालाही माहीत असलं पाहिजे, तिचंही रक्त तेच. जबरदस्ती नको. मामीला न विचारता कारंज्याला काही बोलू नका. तुमचं तोंड मला माहीत आहे.

मामीला माझा जय भीम. तुमची माया मला पुरून उरते, तरी अजून चालेल.
तुमची भाची,
सपना

कामरगाव
२० फेब्रुवारी २०२५

चि. सपनास,
जय भीम व अ. आ. वि. वि.

पौर्णिमाबद्दलचं तुहं वाक्य मामीले वाचून दाखवलं. मंग दोन दिवस घरात फक्त भांडे आपटले.

त्यानंतर कारंज्याचे पाहुणे आले. मामीनं चहा ठेवला आन् उभ्यानंच सारं सांगून टाकलं: माय अशी गेली, बहीण अशी गेली, मी तपासाले चालली, पोरीलेही नेमानं तपासाले लावीन, पटत असन तर पाहा. मी वर पंख्याकडे पाहत राह्यलो. धम्मरत्नच्या मायनं, भागिरथाबाईनं, कप खाली ठेवला आन् मामीले सैपाकघरात नेलं. मले वाटलं, मोडलं.

माहे कान तुले माहीत आहेत. आत भागिरथाबाई रडून राह्यल्या होत्या. दिवाळीपासून त्यांच्याच छातीत गाठ. पोराची सोयरीक मोडन म्हणून घरात कोणाले सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी बबलूच्या जीपमधून वाशीमले. तू बाहेरगावी शिबिरात होती, म्हणून भेट झाली नाही. मामीचं सारं साफ निघालं, पण दरसाल जायचं. भागिरथाबाईची गाठ कॅन्सरची निघाली, पण लहान आहे, वेळेवर सापडली. ऑपरेशन सोमवारी. डॉक्टर म्हणते, बऱ्या होतीन. त्यांले भरती केलं, मामी त्यांच्याजवळच आहे, इथं मी आन् पौर्णिमा भाकरी थापून राह्यलो. माह्या भाकरीचा आकार विचारू नको.

लग्नाचं अजून कोणी पक्कं बोललं नव्हतं. भरतीच्या दिवशी मीही दवाखान्यात होतो. नर्सबाईनं मामीले विचारलं, पेशंटची तू कोण. मामी अडखळली, माह्याकडे पाहू लागली. तवा खाटेवरून भागिरथाबाईनंच सांगितलं, विहीण.

सोमवारी दवाखान्यात ये, मामी वाट पाहते.
तुहा मामा,
जानराव