माझा पांढरा, तिचा पांढरा

११ जानेवारी

जाऊचा फोटो विकला गेला. पायपुसण्याचा!

कठड्यावर वाळत घातलेलं पायपुसणं आणि त्यावर सकाळचं ऊन. बस, एवढंच. कुणा अनोळखी माणसाने फोटोंच्या साइटवरून ते विकत घेतलं. जाऊ जिना उतरून धावतच आली, हात साबणाचे. "जाऊबाई, पायपुसणं गेलं बघा!" मला आधी वाटलं, वाऱ्याने उडालं.

छान, म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, छान. दुसरं छान खोटं होतं. पहिलंही फारसं खरं नव्हतं.

माझे वीस फोटो त्याच साइटवर. अठरा परत आले. दोन अजून त्यांच्याकडे.

१२ जानेवारी

लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःशी थापा मारायला नकोत. फोटोग्राफीचा क्लास मी शोधला. बत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. निवृत्त झाल्यावर डोळ्यांना रिकामं बसवेना. कॅमेरा मी घेतला, नवा कोरा. ती वरच्या मजल्यावरून बघत होती. आठवड्याने तीही वर्गात हजर! खांद्याला भाऊजींचा जुना कॅमेरा, त्याच्या झाकणाला रबरबँड. "तुम्ही जाता तर म्हटलं, मीही येते सोबतीला."

पोहायला शिकायला गेलो तेव्हाही सोबतीलाच आली होती. महिनाभराने मी काठ धरून, ती मधोमध.

१८ जानेवारी

सरांनी आज रंगांचं शास्त्र घेतलं. एकच फोटो, तीन स्क्रीन, तीन रंग. प्रत्येक स्क्रीन आपापल्या परीने खोटं बोलते. म्हणून आधी स्क्रीन यंत्राने मोजायची आणि मग रंगांना हात लावायचा. आणि फाईलबरोबर प्रोफाइल पाठवायचं — म्हणजे एक चिठ्ठीच, की हा लाल म्हणजे नेमका कोणता लाल.

मला पटकन कळलं. वर्गात बहुधा एकटीलाच. जाऊ माझ्या कानाशी कुजबुजली, "म्हणजे डब्याच्या झाकणावरचा नंबर ना?" वीस वर्षं ती रंगाच्या दुकानात काउंटरला होती. लोकांच्या भिंतींचे रंग मिसळून द्यायची. गेल्या वर्षी दुकानात मिसळायचं मशीन आलं आणि तिला घरी बसवलं.

सरांनी ऐकलं. "अगदी तेच! सगळ्यांनी लिहून घ्या, डब्याच्या झाकणावरचा नंबर."

मी तोवर चार पानं लिहिली होती. पाचव्यावर हेही लिहिलं. निमूट.

२० जानेवारी

सरांचं मापयंत्र महिन्याभरासाठी घरी आणलं. स्क्रीनला जळवेसारखं चिकटतं. स्क्रीन त्याला लाल दाखवते, हिरवा, निळा, मग राखाडीच्या पायऱ्या. ते गुपचूप मोजत बसतं. शेवटी हिरवी खूण. या घरात आता निदान एक गोष्ट खरी आहे, असं नवऱ्याला म्हटलं.

"आणि मी?"

"तुमचं अजून मोजलेलं नाही."

२३ जानेवारी

खोलीतला बल्ब पिवळा. फोटो संपादनाला पांढरा उजेड लागतो. नवऱ्याने नवा आणून लावला. हाही पिवळाच!

"अगं, खोक्यावर चांगलं ठळक लिहिलंय, पांढरा."

खोक्यावर काय, काहीही छापतील. मी बत्तीस वर्षं छापलेलंच तपासलंय.

२९ जानेवारी

नवरा बँकेतून तणतणत आला. एका पायात काळा मोजा, एका पायात गडद निळा. घड्या मी घातल्या होत्या. "मॅनेजर माझ्या पायांशीच बोलत होता!" म्हटलं, मोजे स्वतः घालता ना, मग डोळे कुणाचे होते?

१ फेब्रुवारी

उरलेले दोनही परत. कारण: पांढऱ्याचा तोल चुकलेला, फोटोवर निळी झाक.

मोजलेल्या स्क्रीनवर पुन्हा करून पाठवलेले फोटो! यांना पायपुसणी चालतात.

जाऊने डोकावून पाहिलं. "थोडे निळे आहेत हं, जाऊबाई." तिला कोणी विचारलं होतं?

स्क्रीन पुन्हा मोजली. हिरवी खूण.

५ फेब्रुवारी

कोपऱ्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना थाटलाय. दोन मजले आणि सगळ्या भिंती कोऱ्या. नवऱ्याने दाढ दाखवताना आ वासलेल्या तोंडानेच माझी शिफारस केली. त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण आज बोलावलं. बारा मोठे फोटो हवेत. प्रत्येकाखाली काढणाऱ्याचं नाव.

नाव! प्रुफं तपासणाऱ्याचं नाव पुस्तकात कुठेच नसतं. चूक राहिली तर मात्र सगळ्यांना ते पाठ असतं.

जाऊ बरोबर आली होती. मी तिला बोलावलं नव्हतं, पण चपला घालून दारात उभ्या असलेल्या बाईला काय सांगणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथे येणारा माणूस घाबरलेला असतो हो. त्याला काहीतरी मऊ दिसू दे." लगेच जाऊने फोन काढला. उशीवरचं ऊन. पाण्याने भरलेली काचेची बरणी. पायपुसणं, ते तर आलंच.

"हेच! हीच ऊब हवी मला."

मी म्हटलं, फोनवर सगळंच छान दिसतं, डॉक्टर. प्रिंट बघून ठरवा.

शास्त्राप्रमाणे माझं बरोबर होतं. एका अक्षराचीही चूक नव्हती. ठरलं, दोघींनी तीन-तीन प्रिंट नमुन्याला द्यायच्या.

परत येताना जाऊ म्हणाली, "हे जमलं ना, तर मी पुन्हा रंगातली होईन हो. घरात नुसती बसून बसून मला माझीच ओळख पटेनाशी झालीय." मी भाजीवाल्याकडे बघत होते.

८ फेब्रुवारी

माझे तीन निवडले. पायऱ्या, सावल्या, पूल. चारदा तपासले. निळा अजून फिका वाटत होता, वाढवला.

१० फेब्रुवारी

जाऊ पेनड्राइव्ह घेऊन आली. "ते प्रोफाइल-बिफाइल तुम्हीच बघा आणि तुमच्याबरोबरच लॅबला पाठवा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. रंग मात्र मी बघितलेत हं. खिडकीत बसून, शेजारी पांढरा कागद धरून."

पांढरा कागद! इथे यंत्र जळवेसारखं चिकटून बसतं आणि ही कागद धरते.

ती गेल्यावर फायली उघडल्या. पिवळ्या. कावीळ झाल्यासारख्या. जिला ती पांढरी उशी म्हणते ती माझ्या स्क्रीनवर सायीच्या रंगाची.

आणि तरीही नजर हटत नाही. उशीला एक खळगा आहे, आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखा. मी पूल काढायला तीन मैल चालले. ही अंथरुणावरून उठली, मागे वळली आणि फोटो काढला.

११ फेब्रुवारी

तिच्या तिन्ही फायलींतला पिवळा काढला. उशी पांढरी केली, काच पांढरी केली, पायपुसण्यावरचं ऊन निवळलं. पाच मिनिटांचं काम. मग प्रोफाइल जोडून लॅबला पाठवल्या.

तिला विचारलं नाही. छापखान्यात लेखकाला विचारल्याशिवाय मी कधी एक काना इकडचा तिकडे केला नाही. शंका असली तर समासात प्रश्नचिन्ह. बत्तीस वर्षं.

पण पिवळ्या होत्या. कुणीही दुरुस्त केल्या असत्या. उपकारच केला म्हणायचा.

पिवळ्या होत्या.

१७ फेब्रुवारी

प्रिंट आल्या. गुंडाळ्या दवाखान्यातच सोडल्या. आधी माझ्या. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही भिंतीला लावून बघितल्या. मग, "सुबक आहेत. पण फार गार वाटतात हो. फ्रीजमध्ये ठेवल्यासारखे."

मग जाऊच्या. टेबलावर पसरल्या. मला तरी चांगल्या दिसल्या.

"अगं बाई! फोनवर असे नव्हते ना? हेही निळेच?"

जाऊ खुर्चीच्या पाठीला धरून उभी. एकेक प्रिंट खिडकीशी नेऊन बघितली. "हे माझे वाटत नाहीत."

"प्रिंट अशीच येते," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई छापील चित्रं आणून लावणार. फुलांची. दोघींना चहा दिला. जाऊने घेतला नाही.

मी हरले. पण ती जास्त हरली. झोप बरी लागेल आज.

१८ फेब्रुवारी

लागली.

१९ फेब्रुवारी

जाऊने लॅबला फोन केला. लॅबवाला म्हणाला, "फाईल जशी आली तशी छापली, बाई. तुमची स्क्रीन तपासून घ्या."

मग खाली आली. दारातच उभी राहिली. "तुमच्या स्क्रीनवर कसे दिसत होते हो, तुम्ही पाठवलेत तेव्हा?"

"जसे छापून आले तसेच."

हे अक्षरशः खरं आहे. बत्तीस वर्षांत शिकलेली सगळी अक्षरं त्यात लावली.

ती बराच वेळ मान हलवत राहिली. "आणि स्क्रीन तर तुम्ही मोजलेली. म्हणजे माझीच नजर गेली."

२२ फेब्रुवारी

भाऊजी सांगत होते. कॅमेरा खोक्यात गेला. रंगांच्या शेडची जुनी पुस्तिका काढून ती खिडकीत बसते. एक पट्टी उचलते, नाव झाकते, स्वतःलाच विचारते, मग बघते. "सगळ्या बरोबर येतात, वहिनी. तरी विश्वास ठेवत नाही. म्हणते, मला पाठ झालंय म्हणून येतं."

मी वर गेले नाही. तिकडे बऱ्याच पट्ट्यांची नावं असतील, आणि मला एकही पाठ नाही.

आज नवा फोटो काढला नाही. कालही नाही. तिच्याशिवाय वर्गात माझा नंबर पहिला. सरांनी विचारलं, "त्या झाकणावाल्या बाई कुठे?"

२५ फेब्रुवारी

जाऊने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. परवाची. "तुम्ही याल का बरोबर? वाईट सांगितलं तर एकटीला ऐकवणार नाही."

येते म्हटलं. काय म्हणणार!

आज सांगता आलं असतं. जिन्यात दोघीच होतो. तोंड उघडलं आणि विचारलं, किती वाजता?

२७ फेब्रुवारी

तिचे डोळे ठणठणीत. रंगांच्या सोंगट्या क्रमाने लावायला दिल्या; एकही चुकली नाही. डॉक्टर हसले. "तुम्हाला इथे पाठवलं कुणी?" मग माझ्याकडे वळून, "आलाच आहात तर तुम्हीही बसा."

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बराच जुना. "सगळं पिवळट दिसत असणार तुम्हाला. निळा तर आत पोचतच नसेल धड. हळूहळू होतं ना, म्हणून माणसाला कळत नाही."

जाऊ शेजारीच उभी होती. वीस वर्षं रंगातली बाई. तिला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही.

रस्ताभर ती दोन पावलं पुढे चालली. घराशी आल्यावर थांबली.

"माझ्या फायलींना हात लावला होतात?"

"हो."

तिने माझ्या हातातला डॉक्टरांचा कागद बघितला. मग माझ्याकडे. आवाज अगदी मऊ केला तिने. "पिवळ्या दिसल्या म्हणून ना, जाऊबाई?"

"नाही," म्हटलं.