भोपळ्यांची लग्नं

दादास नमस्कार, आणि तुझ्या चिमीला सुजलेल्या कानावर हलकेच पापा.

मी मजेत आहे. खोली कोरडी आहे, दोन वेळ पोटभर मिळतं. आईला म्हणावं, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

काम ऐकून हसशील. मी भोपळ्यांची लग्नं लावते! नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि पराग मादीफुलाला लावायचे. फवारण्यांपायी इथल्या मधमाश्या संपल्या, म्हणून हे आता आम्हा बायकांकडे. ऊन चढलं की फुलं मिटतात, त्यामुळे सकाळभर नुसती धावपळ. एवढं करूनही निम्मे भोपळे सुपारीएवढे होऊन गळतात.

परवा कुठूनशी एक मधमाशी आली. सगळ्याजणींचे हात थांबले. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा मुकादमही बघायला पुढे आला. ती दोन फुलांवर बसली आणि गेली.

त्यात तुझं पत्र आलं, की परसातलं मोहोळ धूर करून उठवणार आहेस. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. चिमीला माशी चावली, सगळं कबूल. सूज उतरली का? पण दादा, थोडं थांब. हवं तर कुंपण घाल, पोरीला तिकडे फिरकू देऊ नकोस. आपल्या मळ्यातल्या वेलांना फळ धरतं ते त्या माश्यांच्या जिवावर, तुझ्या नव्हे.

आणि हे पोचायच्या आत धूर करून मोकळा झाला असलास, तर वहिनीला सांग, पहाटे उठायची सवय कर. बाकीचं मी आल्यावर शिकवीन.

तुझी आगाऊ बहीण