सरकवलेला ब्रश

उस्ताद, तुमचा उजवा डोळा नुसत्या बिडीनं गेला नाही. त्याला पंचवीस वर्षं झाली, तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं लोटली, आणि मी हे अजून कुणाजवळ बोललेलो नाही.

महाराज हयात होते तेव्हाची गोष्ट. कोल्हापुरात फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या दुरुस्त करणारे त्याहून कमी. मी तिशीला आलेला, दोन लेकरांचा बाप. गडमुडशिंगीत बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवायचं काम सोडून तुमच्या हाताखाली आलेला. डॉक्टरांची साइडकारवाली फटफटी त्या आठवड्यात दुसऱ्यांदा आली. दिवा तासाभरात पिवळा पडायचा. पहिल्या खेपेला मी बॅटरीत पाणी घालून, टोकं घासून गाडी परत दिली होती. तुम्ही डॉक्टरांच्या देखत म्हणालात, "बॅटरी रिकामी हाय हे डॉक्टरास्नीबी कळतंय. ती भरत का न्हाय, ते तू सांगायचंस. हातात पाना आला म्हंजी कारागीर हुईत न्हाय." डॉक्टर हसले नाहीत, पण मला ते हसल्यासारखेच वाटले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तुम्ही नमाज पढून, जेवूनच येणार होतात. त्याआधी काम उरकून दाखवायचं मी मनात धरलेलं. इंजिन सुरू केलं तर बॅटरीत किती वीज जातेय ते दाखवणारा काटा जेमतेम हलत होता. आधी एकेक तार शेवटपर्यंत तपासायची, हे तुमचं शिकवणं. मी नाही तपासली. डायनॅमोच कमी पडतोय असं ठरवून त्याचं झाकण काढलं आणि आतला एक ब्रश, ज्याच्या जागेवर वीज किती निघायची ते ठरतं, तो पुढं सरकवला. काटा झटक्यात वर गेला. मी इंजिन दुपारपर्यंत तसंच चालू ठेवलं. बॅटरी आतून रटरटत होती, आणि मी खूश होतो, की भरतेय.

तुम्ही बिडी ओढतच आत आलात. "आवाज कसला ह्यो?" म्हणत बॅटरीचं बूच उघडून वाकलात. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो, हे मला ठाऊक होतं. तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मी तुम्हाला काटा दाखवायला बोट पुढं केलेलं. बॅटरी फाडकन फुटली आणि तेजाब तुमच्या तोंडावर आलं. मी घागरीनं पाणी ओतत राहिलो. डॉक्टर गाडी न्यायला आले होते, त्यांनीच तुमचे डोळे धुतले. डावा वाचला.

संध्याकाळी तुमच्या घरी गेलो, तर चाचींनी मला दारातच अडवलं. "तू तिथंच हुतास की. झालं काय?"

"उस्तादांच्या तोंडात बिडी हुती," मी म्हणालो.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढं चाची तुम्हाला त्या बिडीवरून किती बोलल्या. तुम्ही खाली मान घालून म्हणायचात, "व्हय, चूक माझीच." बिडी सोडलीतही.

महिन्याभरानं तुम्ही डोळ्यावर पट्टी बांधून कामावर आलात. नवी बॅटरी बसवलीत आणि माझा हात धरून एकेका तारेवरून फिरवलात. साइडकारखाली, गाडीच्या चौकटीला जोडलेली तार गंजलेली निघाली. ती हलवली की काटा हलायचा. "एवढंच हुतं," तुम्ही म्हणालात. मग डायनॅमोचं झाकण उघडलंत, जरा वेळ बघत राहिलात, आणि ब्रश मागं घेतलात. कुणी सरकवला ते विचारलं नाहीत. तुम्ही ओळखलं होतंत, की तो आधीच्या कुणा कारागिराचा उद्योग समजलात? त्या दिवसापासून तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत, आणि तेच मला सोसत नव्हतं. तुमच्या मयताला मी खांदा दिला, रडलोही. पण रडू येण्याआधी क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं.

चाची अजून आहेत. हा कागद त्यांना वाचून दाखवता येईल. मी गेलो की त्या चहा टाकतात, तुमच्या आठवणी काढतात आणि शेवटी त्या बिडीला शिव्या देतात. मी मान हलवतो. आज हा कागद खिशात घालूनच गेलो होतो. चहा पिऊन परत आलो.