मामांच्या जागी बसवलेला वाटाड्या

ती. मामांस,

नमस्कार साष्टांगच घालणार होतो, पण हल्ली खाली वाकलो की वर यायला माणूस बोलवावा लागतो. तेव्हा हा खुर्चीत बसून, पण पूर्ण मनाने घातलेला गोड मानून घ्यावा. आम्ही इकडे ठीक. तुमचा गुडघा काय म्हणतो? झोप लागते का? (फोनवर विचारलं की तुम्ही ‘बरं आहे’ म्हणता आणि फोन ताईकडे देता. पत्राला निदान शेवटपर्यंत बोलू द्यावं लागतं, म्हणून हा खटाटोप.)

तर बातमी अशी की नवा कन्सोल जाहीर झाला. तुमच्या भाषेत, गेमची नवी पेटी. कित्येक महिने मी या दिवसाकडे डोळे लावून बसलो होतो. बायको म्हणते, लग्नाच्या वेळीसुद्धा तुमचा एवढा उत्साह पाहिला नव्हता. (खरं आहे, पण लग्न आधीपासून ठरलेलं होतं.) कार्यक्रम नेमका कामाच्या वेळेत. आमच्या लॅबमध्ये ओळीने प्लॅस्टरचे जबडे मांडलेले असतात, त्यातल्या एका भक्कम जबड्याला फोन टेकवला आणि एका आजींच्या कवळीचे दात मेणात बसवता बसवता बघत होतो. पेटी काय देखणी आहे मामा! आपल्या जुन्या पेटीसारखी घरघर नाही, तापणं नाही, चापट मारून चालू करणं नाही. चाळिशी उलटलेला माणूस मी, पण छातीत धडधडत होतं.

आणि मग स्टेजवरचा तो गुळगुळीत माणूस म्हणाला की या पेटीत एक वाटाड्या बसवलाय. खेळणारा अडकला की पेटीला आपोआप कळणार, आणि ती हळूच कानात सांगणार, डावीकडे वळा, पुढे दरी आहे, दार त्या झाडामागे आहे. आता शेजारी कुणी लागणार नाही, असं तो वर म्हणाला. सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, ही तर तुमची जागा. तुम्हाला न विचारता, न कळवता, परस्पर दुसरा नेमला. त्या तिरीमिरीत मी आजींचा डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, की पेशंट हसल्या तरी रागावल्यासारख्या दिसतायत, जरा बघता का. सगळं मेण वितळवून पुन्हा बसवलं.

तुम्ही म्हणाल, एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे त्यात. मामा, मी आजवर एकही गेम एकट्याने पुरा केलेला नाही. आठवडाभर लोकांना गाडी शिकवून तुम्ही सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे यायचात आणि सोफ्यावर माझ्या डाव्या हाताला बसायचात. कंट्रोलरला तुम्ही कधी बोट लावलं नाहीत. ‘स्टिअरिंग तुझ्याकडे, रस्ता माझ्याकडे,’ म्हणायचात. गुहा असो, किल्ला असो, एकदा पाहिलेलं वळण तुमच्या डोक्यात पक्कं. राक्षस समोर आला की तुमचा पाय आपसूक जमिनीवर ब्रेक दाबायचा. (तिथली फरशी अजून थोडी हलते. मी दुरुस्त करू दिलेली नाही.) घोड्यावरच्या सरदाराला ‘आरसा बघ, मग वळ’ असं सांगणारा माणूस जगात दुसरा झाला नसेल. त्या पेटीतल्या वाटाड्याला हे कुठून सुचणार?

आता जे लिहितो ते जरा जपून लिहितोय. ताईने मला सगळं सांगितलं. (लेकीवर रागावू नका, मीच तिला खोदून खोदून विचारलं.) तुम्ही कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेलात, दाढी झाली, बाहेर आलात आणि घर कुठल्या बाजूला ते आठवेना. न्हाव्याने दुकान तसंच टाकून तुम्हाला पोचवलं. भला माणूस. पण तेव्हापासून तुम्ही उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि डॉक्टरांकडे जाताना टॅक्सीवाल्याने रस्ता विचारला तर मागच्या सीटवरून म्हणालात, ‘हिला विचारा, मला काही ठाऊक नाही.’ मामा, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. घर सापडलं नाही त्याचं नाही एवढं. तुम्ही ‘मला ठाऊक नाही’ म्हणालात, त्याचं.

त्या वाटाड्याबद्दल मग पुष्कळ विचार केला. तो म्हणे कधीच चुकत नाही. तुम्ही चुकायचात. एकदा त्या भुयारात तुम्ही मला सबंध रविवार एकाच खांबाभोवती फिरवलंत, आणि दर वेळी तितक्याच ठाम आवाजात ‘डावीकडे’ म्हणालात. शेवटी आई चिडून दिवा बंद करून गेली आणि आपण अंधारात पोट धरून हसत बसलो. दार कुठे होतं ते मला आज आठवत नाही. तो रविवार आठवतो. त्या वाटाड्याबरोबर मी सगळे गेम पुरे करीन, पण असा रविवार काही मिळायचा नाही.

ताईला आशीर्वादाऐवजी नमस्कार (ती मोठी आहे हे ती विसरू देत नाही). प्रकृतीला जपा.

तुमचा,
ढापण्या

ता. क. – एवढं रामायण लिहिलं, पण पेटी मी अजून मागवलेली नाही. वाटाड्या बंद करायची सोय आहे का, ते आधी कंपनीला फोन करून विचारलं. आहे. पलीकडची मुलगी म्हणाली, सर, बंद का करायचाय? मी म्हटलं, आमच्याकडे आधीचा आहे.

ता. क. दुसरा – आता खरं काय ते. तुम्ही माझ्याकडे राहायला या. ताईला विचारलं, ती म्हणाली, त्यांनाच विचार. म्हणून विचारतोय. येणार असाल तर नवी पेटी घेतो. नवी नको असेल तर जुनी आहेच. एकट्याने खेळायला मला दोन्ही नकोत.

ता. क. शेवटचा – रविवारी गाडी घेऊन येतो. मागे बसू नका, माझ्या शेजारी बसा. ताई म्हणते, फोनमधला नकाशा लावून ये. येताना लावीन, जाताना बंद. रस्ता तुम्ही सांगायचा. आठवला नाही तर थांबू, चहा पिऊ. चुकीचा सांगितलात तरी मी तिकडेच वळणार आहे.