गंगाबाईच्या खानावळीतला आवाज

जालना, चैत्र वद्य सप्तमी

दुपारपासून तो आवाज कानातून जात न्हाई. जिनिंग कारखान्याच्या दुपारच्या सुट्टीत रोजच्यासारखा गंगाबाईच्या खानावळीत जेवायला गेल्तो. शेजारी एक म्हातारा धनगर वरणात भाकर कुस्करून राह्यल्ता. हैदराबादेहून बदलून आलेला नवा पोलीस शिपाई आत आला, बसायला जागा दिसली न्हाई, तर त्यानं म्हाताऱ्याचं ताटच बुटानं उडवलं. “हट बुड्ढे.” म्हातारा हलला न्हाई, तशी तोंडावर काठी घातली. दोन दात माझ्या ताटात पडले.

त्यानं काठी पुन्हा उचलली, तोवर गंगाबाई मुसळ घेऊन आल्ती. मनगटावर एकच हाणलं. कडक भाकर मोडावी तसा आवाज झाला. मी तोंडात घास धरून बसलेलो. मी का उठलो न्हाई?

बाईनं त्याची काठी चुलीत सारली अन् त्याच्यापुढं ताट ठेवलं. “जेवायला आल्तास ना? जेव मंग.” डाव्या हातानं जेवला तो, रडत.

निघताना तिनं मला विचारलं, “उद्या तो एकटा येणार न्हाई. तुम्ही येताल का जेवायला?”

हो म्हणून आलोय. भीती बराबर वाटून राह्यली. पण इथं खोटं कशाला लिहू, तो आवाज मला पुन्हा ऐकायचाय.